माळ्यावरचं पोस्ट ऑफिस

गेल्या अंकातल्या उत्तरांत मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले: माझा मेल कुठल्या कंपनीकडे राहत नाही, आमच्या घरच्या माळ्यावर पापडाच्या डब्याशेजारी एक छोटा संगणक आहे, त्यात येतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. नव्या वाचकांसाठी सांगते, एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी सव्वीस वर्षं काढली. तिथला मेल सर्व्हर कायम माझ्याच गळ्यात असायचा. निवृत्त झाल्यावर सवय सुटेना, म्हणून सांगलीत घरीच तो उद्योग मांडला. प्रश्न थोडे कापले आहेत, नावं गाळली आहेत.

ताई, आमची सुताची एजन्सी आहे. मुलाने जुन्या पीसीवर लिनक्स टाकून घरी मेल सर्व्हर उभा केला. डोमेन आमचं, स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ताही घेतलाय. येणारे मेल झकास येतात. पण जीमेलवाल्या गिऱ्हाइकांना पाठवलं की परत. ५५० आणि पुढे ५.७.१ असा आकडा येतो. मुलगा म्हणतो सेटिंग बरोबर आहे. मग चुकतंय कुठे? (इचलकरंजी)

मुलाचं सेटिंग बरोबर असणार. येणारा मेल नीट येतोय, म्हणजे पोराला काम कळतं. पण परत आलेल्या मेलमध्ये आकड्याच्या पुढेही एक वाक्य असतं, ते वाचायला सांगा. त्याचा मतलब असा की या आयपीवरून आमच्या सर्व्हरकडे थेट मेल पाठवायची मुभा नाही, तुमच्या इंटरनेट कंपनीच्या रिलेमधून, म्हणजे मेल पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरमधून, पाठवा. तुम्ही सुताचा दर लिहिलाय की लग्नाची पत्रिका पाठवलीय, याच्याशी या नकाराचा काही संबंध नाही. तुम्ही कुठल्या वस्तीतून आलात, एवढंच बघितलं गेलंय.

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले, तेव्हा कुणीही कुणाच्याही दारात जाऊन टपाल टाकावं अशीच रीत होती. जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. पुढे घरोघरी इंटरनेट गेलं, घरच्या पीसीत व्हायरस शिरले, आणि मालक झोपलेला असताना त्याचा पीसी रात्रभर औषधांच्या जाहिराती पाठवायला लागला. मग मेल घेणाऱ्यांनी सरळ ठरवलं की घरगुती लाइनवरून थेट आलेला मेल घ्यायचाच नाही. स्पॅमहॉस नावाची संस्था अशा याद्या ठेवते. त्यातल्या एका यादीचं नाव पीबीएल. ही गुन्हेगारांची यादी नव्हे, हे लक्षात घ्या. ‘इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही’ अशा पत्त्यांची ती यादी आहे, आणि पुष्कळदा इंटरनेट कंपन्या स्वतःच आपले पत्ते तिच्यात देतात. तुमचा स्टॅटिक आयपी त्याच गठ्ठ्यातला असेल तर तुम्हीही यादीत. तिथे अर्ज करून स्वतःचा एकटा पत्ता काढून घेता येतो, पण त्याने फक्त ती यादी सुटते. जीमेलचा स्वतःचा हिशेब वेगळा असतो आणि तो कुणाला दाखवत नाहीत.

दुसरी अडचण उलट्या नावाची. डोमेनवरून आयपी शोधायची सोय तुमच्या हातात आहे. आयपीवरून नाव शोधायची, म्हणजे पीटीआर रेकॉर्डची, किल्ली मात्र ज्याचा आयपी त्याच्याकडे, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे. तिथे बहुतेक वेळा तुमच्याच आयपीचे आकडे आणि त्यापुढे ‘डायनॅमिक’ किंवा ‘ब्रॉडबँड’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते बघून समोरचा काय समजायचं ते समजतो. मी माझ्या वेळी हा रेकॉर्ड बदलून घ्यायला फोन केला होता. पलीकडच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, राउटर एकदा बंद करून चालू करा.” चौथ्या फोनला मी खरंच बंद करून चालू केला, निदान त्याच्या समाधानासाठी. शेवटी त्यांच्या नेटवर्क विभागाचा मेलचा पत्ता कुठून तरी मिळवला, तिथे लिहिलं, आणि तीन आठवड्यांनी नाव बदललं. गंमत म्हणजे तो मेल मला जीमेलवरूनच पाठवावा लागला.

एक खूण सांगून ठेवते. मेल ५५० घेऊन लगेच परत आला तर समोरच्याने नाकारला. मेल रांगेतच पडून राहिला आणि लॉगमध्ये पंचवीस नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मेलच्या ये-जा करायच्या दारावर, ‘टाइम्ड आउट’ दिसत राहिलं, तर तुमच्याच कंपनीने ते पोर्ट बाहेर जाण्यासाठी बंद केलंय. दोन्ही दुखणी वेगळी आहेत. मुलं दोन्हींवर एकच औषध म्हणून पोस्टफिक्स, म्हणजे मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम, पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

आता उपाय. पेटी घरी ठेवा, पाठवणी दुसऱ्याच्या खांद्यावरून करा. महिन्याला थोडे पैसे घेऊन मेल पुढे पोचवणाऱ्या रिले सेवा आहेत. तुमचा पोस्टफिक्स ५८७ नंबरच्या पोर्टवरून नाव-पासवर्ड देऊन त्यांच्याकडे मेल सोपवतो, आणि त्यांच्या नावाजलेल्या आयपीवरून तो पुढे जातो. मुलाला सांगा, पोस्टफिक्सच्या फाइलीत ‘रिलेहोस्ट’ची एक ओळ आणि पासवर्डची एक फाइल, एवढंच काम आहे. जाणारा मेल त्या रिलेवाल्याच्या हातातून जातो हे मात्र कबूल करायचं. मी स्वतः तीन वर्षं हट्टाने थेट पाठवत होते. दहातले नऊ पोचायचे. दहावा नेमका भाचीच्या लग्नाच्या हॉलचा असायचा, तो हॉलवाल्याच्या स्पॅममध्ये. मग हट्ट सोडला.

त्याच पत्रातला दुसरा प्रश्न: एसपीएफ, डीकिम, डीमार्क ही तीन काय भानगड आहे? लावलीच पाहिजेत का?

लावलीच पाहिजेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी कायदाच केलाय. पाठवणारा कितीही छोटा असो, एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी हवंच, शिवाय ते पीटीआर आणि टीएलएस, म्हणजे वाटेत मेल कुलूपबंद ठेवणं, हेही. जीमेलला दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही हवीत. तुम्ही पाच हजार पाठवणार नाही, तरी तिन्ही लावा.

किराणा दुकानातली वही डोळ्यांसमोर आणा. आमच्या नावावर माल फक्त मी आणि धाकटा मुलगा नेणार, असं वाण्याला सांगून ठेवलं की झाला एसपीएफ. कुठल्या आयपीवरून आलेला मेल आमचा समजायचा, त्याची ही यादी. रिले वापरणार असाल तर त्याचं नाव यादीत घालायला विसरू नका, नाहीतर स्वतःच्याच माणसाला वाणी हाकलेल. मुलाच्या हाती दिलेल्या चिठ्ठीवर माझी सही असली की झाला डीकिम. चिठ्ठीत वाटेत कुणी ‘साखर दोन किलो’चे ‘दहा किलो’ केले तर सही जुळत नाही. आणि सही जुळली नाही, माणूसही यादीतला नाही, तर माल द्यायचा, बाजूला ठेवायचा की हाकलून द्यायचं, हे वाण्याला आधीच सांगून ठेवणं म्हणजे डीमार्क. वर वाणी रोज चिठ्ठी पाठवतो की आज तुमच्या नावावर अमुक अमुक येऊन गेले. त्या चिठ्ठ्या पहिल्यांदा उघडाल तेव्हा दचकाल. आपलं नाव सांगत कुठल्या कुठल्या देशांतून माणसं फिरत असतात.

डीकिमची सही तपासायची जी किल्ली, तिच्यात एक खाच आहे, तिथे हमखास ठेच लागते. २०४८ बिटांची किल्ली डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, लिहायला गेलं तर ती चारशे अक्षरांच्या आसपास जाते, आणि टीएक्सटी रेकॉर्डच्या एका तुकड्यात मावतात २५५. तेव्हा तिचे दोन तुकडे करून, प्रत्येकाला वेगळी अवतरणचिन्हं लावून, एकापुढे एक लिहायचे. काही डोमेन कंपन्यांच्या पानावर हे आपोआप होतं, काही ठिकाणी पान गुपचूप उरलेलं कापून टाकतं आणि ‘सेव्ह झालं’ म्हणतं. माझे चार दिवस यात गेले. सगळं लावून झालं की जीमेलवर स्वतःलाच एक मेल पाठवा आणि तिथे ‘मूळ संदेश दाखवा’ दाबा. वरच तिन्हींच्या पुढे ‘पास’ दिसलं की मग चहा घ्या.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहतो. गावी घरी फायबर आलंय. राउटरमध्ये पंचवीस नंबरचं पोर्ट फॉरवर्ड केलं तरी बाहेरून काहीच पोचत नाही. राउटरवर पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो, आणि आयपी दाखवणाऱ्या साइटवर दुसराच. केबलवाला म्हणतो सगळं ओके आहे. (नांदेड)

केबलवाल्याच्या लेखी ओकेच आहे बाबा. तुझ्या घराला स्वतःचा आयपीच दिलेला नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढले. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास. आपल्या आशियाच्या वाट्याचे तर २०११ सालीच तळाला गेले. म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एक खरा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात.

तुमच्या हॉस्टेलच्या ऑफिसात एकच फोन आहे असं समज. तिथून तू घरी फोन लावू शकतोस. पण बाहेरून कुणी त्या नंबरवर फोन केला तर कुणाला बोलवायचं ते वॉर्डनला कळणार नाही, तो ठेवून देणार. तू खोलीच्या दाराला कितीही पाट्या लाव, म्हणजे राउटरवर कितीही पोर्ट उघड, फोन खोलीपर्यंत येतच नाही.

वाटा दोन. एक, कंपनीकडे स्टॅटिक आयपी माग, मी वर्षाला दोन-अडीच हजार भरते. दुसरी वाट तुझ्या वयाला शोभणारी. मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये सगळ्यात लहान सर्व्हर भाड्याने घे आणि घरच्या डब्यापासून तिथपर्यंत वायरगार्ड नावाच्या प्रोग्रॅमने बोगदा काढ. बोगदा आतून खणायचा, म्हणजे सुरुवात घरून होते, त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही. जगाला मुंबईचा पत्ता दिसेल, मेल बोगद्यातून घरी येईल. भाड्याच्या सर्व्हरवरही बऱ्याच कंपन्या पंचवीस नंबर आधी बंदच ठेवतात, कारण सांगून उघडून घ्यावा लागतो. लाइनला आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, असतील तर त्यावर खरा पत्ता मिळेल, पण मेल पाठवणारे पुष्कळ सर्व्हर अजून ती भाषा बोलत नाहीत, तेव्हा त्या एकट्यावर भिस्त ठेवू नकोस.

आता ऐक, इथे मी हात पोळून घेतलाय. बोगद्याच्या मुंबईच्या टोकाला मी पत्ते बदलण्याचा सोपा नियम लावला होता. त्यामुळे बाहेरून कुणीही आलं तरी घरच्या पोस्टफिक्सला तो बोगद्याच्या टोकावरून, १०.८.०.१ वरून, आलेला दिसायचा. आणि बोगद्याचे पत्ते मी ‘मायनेटवर्क्स’मध्ये, म्हणजे घरच्या माणसांच्या यादीत घातलेले. झालं! सगळं जग माझ्या घरचं माणूस. गौरी बसल्या त्या संध्याकाळी मी पुरणात, आणि माळ्यावरून रशियन भाषेतल्या जाहिराती सुटताहेत. लक्षात आलं कसं, तर पंख्याचा आवाज. एरवी तो डबा चालू आहे की बंद हे कान लावल्याशिवाय कळत नाही. वर चढून पोस्टक्यू बघितलं तर रांगेत अकरा हजारांवर मेल. केबल उपटली, रांग पुसली, आणि पुढचे दोन महिने आमच्या आयपीला कुणी दारात उभं केलं नाही. तेव्हा पत्ते बदलू नकोस, पाठवणाऱ्याचा मूळ पत्ता घरापर्यंत येऊ दे, आणि मायनेटवर्क्समध्ये फक्त तो डबा स्वतः. बाकी कुणालाही पाठवायचं असेल तर पासवर्ड द्या म्हणावं, तुझ्या सख्ख्या बापालासुद्धा.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. सर्व्हर बंद असताना आलेली पत्रं हरवतात का? मी निवृत्त शिक्षक, सोप्या भाषेत सांगावे. (चिपळूण)

हरवत नाहीत, गुरुजी. मेलची व्यवस्था ज्यांनी आखली त्यांनी बंद दार गृहीतच धरलं होतं. तुमचा सर्व्हर सापडला नाही तर पाठवणारा सर्व्हर पत्र आपल्याकडे रांगेत ठेवतो. पोस्टफिक्स असेल तर पाच मिनिटांनी पुन्हा येतो, मग अंतर वाढवत वाढवत तासाभराच्या फरकाने दार वाजवत राहतो. नियमांत चार ते पाच दिवस प्रयत्न करावा असं सांगितलंय, पोस्टफिक्स पाच दिवस करतो. त्यानंतर पत्र मूळ माणसाकडे परत जातं, न पोचल्याच्या शेऱ्यासह. म्हणजे दुपारी सहा तास लाईट गेली तर तुमचं काही बिघडत नाही, फक्त पत्र संध्याकाळी मिळतं.

पाच दिवस म्हणजे किती, हे मला २०१९च्या ऑगस्टमध्ये कळलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या हॉलमध्ये कमरेइतकं होतं. सर्व्हर त्या वेळी टीव्हीच्या खालच्या खणात असायचा. मुलाने तो आणि देव एकाच पिशवीत घातले आणि आम्ही मिरजेला बहिणीकडे गेलो. गल्लीत वीज नवव्या दिवशी आली. तोवर पाच दिवसांच्या आधीची सगळी पत्रं जिकडची तिकडे परत गेली होती. पुण्याच्या भाच्याला ‘पत्ता सापडत नाही’चा शेरा मिळाला आणि तो घाबरून गेला. मोबाइलवरून डोमेनच्या पानावर जाऊन एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ती नोंद, दुसरीकडे वळवला असता तर सगळं तिथे जमा झालं असतं. दोन मिनिटांचं काम. सुचलं नाही.

सर्व्हर माळ्यावर गेला तो तेव्हापासून. तुम्हीही पावसाळ्यात उंचावर ठेवा. इन्व्हर्टरची एक वायर राउटरला आणि भिंतीवरच्या त्या फायबरच्या डबीलाही द्या. लोक सर्व्हरला देतात आणि डबी विसरतात, मग सर्व्हर दिमाखात चालू आणि लाइन मेलेली. रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक वापरणार असाल तर मेल एसडी कार्डावर ठेवू नका, यूएसबीला एसएसडी लावा. सतत लिहून लिहून आणि झटके खाऊन कार्डं मान टाकतात.

परवा राउटर बदलला आणि तेव्हापासून येणारा एकूण एक मेल माझा सर्व्हर नाकारतोय. लॉगमध्ये प्रत्येक वेळी ‘स्पॅमहॉसच्या यादीत आहे’. बँक यादीत, बायको यादीत, मी स्वतःसुद्धा यादीत! (नागपूर)

तुमच्या बायकोवर कुणाचा राग नाही. नव्या राउटरने नावं शोधायचं काम गुगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक सर्व्हरकडे दिलं असणार. अशा ठिकाणाहून आलेल्या चौकशीला स्पॅमहॉस उत्तर देत नाही. त्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ असा एक खुणेचा आकडा परत करतो. त्याचा अर्थ ‘तुम्ही चुकीच्या खिडकीवर उभे आहात’. पण तुमच्या पोस्टफिक्सला शिकवलंय की काहीही उत्तर आलं म्हणजे माणूस यादीत. म्हणून सगळेच चोर.

त्याच मशीनवर अनबाउंड हा नावं शोधणारा प्रोग्रॅम टाका आणि सर्व्हरला नावं स्वतःच शोधू द्या. शिवाय यादीच्या ओळीत स्पष्ट लिहा की १२७.०.० नंतर दोन ते अकरा आलं तरच नाकार. आणि नाकारलेल्या मेलची चिंता करा, कारण तो रांगेत थांबलेला नाही, ठार परत गेलाय. लॉगमधून पाठवणाऱ्यांची नावं काढा आणि फोन करा. बँकेला नका करू, ती पुन्हा पाठवते.

मेल घरी ठेवला तर तो दुसरं कुणी वाचू शकत नाही, असं आमचे हे म्हणतात. खरं का? (पुणे)

अर्धं. तुमच्या घरातली प्रत तुमची. पण तुम्ही जिला लिहिता ती नणंद जीमेलवर असेल, तर दुसरी प्रत तिथे. माझ्या पत्रव्यवहारात तर बहुतेक सगळेच तिकडचे आहेत. मी हे गुप्ततेसाठी करत नाही. माझं खातं कुणी एका सकाळी बंद करू नये, आणि १९९८ पासूनची पत्रं मला मी नेमलेल्या पद्धतीने शोधता यावीत, म्हणून करते. ‘ह्यांना’ सांगा की घरच्या डिस्कचा बॅकअप दुसऱ्या घरात ठेवला नसेल, तर चोर वाचणार नाही हे खरं, पण एक दिवस तुम्हीही वाचू शकणार नाही.

आपला स्वतःचा सर्व्हर असेल तर मेलचा पत्ता मराठीत, देवनागरीत करता येतो का? (मडगाव)

येतो, आणि माझा आहे! ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ साली खुलं झालं. अ‍ॅटच्या डावीकडे देवनागरी चालावी यासाठीचे नियम २०१२ सालचे. जीमेलने २०१४ मध्ये असे पत्ते घ्यायला सुरुवात केली, पोस्टफिक्सने २०१५ च्या ३.० आवृत्तीत. पडद्यामागे डीएनएसला मराठी येत नाही, म्हणून ‘भारत’चं तिथलं रूप एक्सएन, मग दोन आडव्या रेघा, मग एच२बीआरजे९सी असं होतं. ते बघून वाईट वाटून घ्यायचं नाही.

प्रश्न पत्ता बनवायचा नसून तो लोकांनी घ्यायचा आहे. एका बँकेच्या फॉर्मने माझा पत्ता लाल रंगात ‘अवैध’ ठरवला. गॅसच्या नोंदणीत तर कीबोर्डच देवनागरी घेईना. समोरच्याचा सर्व्हर जुना असेल तर मेल परत येतो. म्हणून माझा मराठी पत्ता आणि साधा पत्ता एकाच पेटीत उघडतात. मराठी पत्ता मी भिशीच्या बायकांना देते. त्यातल्या एकीने तो वहीत लिहून घेतला आणि म्हणाली, आता मला पाठ होईल.

माझं क्लिनिक आहे. पेशंटचे रिपोर्ट, लॅबचे निकाल सगळं मेलवर येतं. खर्च वाचवायला घरी सर्व्हर लावू का? (लातूर)

नको, डॉक्टर. डोमेन स्वतःचं घ्या आणि पेटी पैसे भरून भाड्याने घ्या. रात्री अडीचला सर्व्हर पडला तर तो उठवायला मी माळ्यावर चढते, कारण मला त्याची हौस आहे. तुम्ही पेशंटकडे जायचं की माळ्यावर?

माझं वय ७१. गेली नऊ वर्षं घरी सर्व्हर चालवतो. मुलं परदेशात, त्यांना यात रस नाही. माझ्यानंतर याचं काय? (डोंबिवली)

हा प्रश्न मला स्वतःला पडला तेव्हा मी तो दोन वर्षं पुढे ढकलला. तुम्ही ढकलू नका.

डबा बंद पडला तर फार बिघडत नाही, बिघडतं ते डोमेनचं. त्याचे पैसे भरायचे राहिले की ते सुटतं, आणि मग ते कुणीही घेऊ शकतं. ज्याने घेतलं त्याच्याकडे तुमच्या नावाचे मेल जायला लागतात. तुमचं बँकेचं, शेअरचं, विम्याचं जे जे खातं त्या पत्त्यावर आहे, त्याचं ‘पासवर्ड विसरलो’चं पत्रही त्याच्याच हातात. म्हणून डोमेनचे पैसे जितक्या वर्षांचे एकदम भरता येतील तितके आजच भरा, आणि डोमेनच्या खात्याला संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवल्यासारखं होतं ते. बँकेची खाती मात्र हळूहळू दुसऱ्या साध्या पत्त्यावर न्या.

मी एक फुलस्केप वही केली आहे. गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली. पहिल्या पानावर सुनेसाठी लिहिलंय की आधी डोमेनचे पैसे भर, कुठे भरायचे ते पान तीनवर. मग एमएक्स रेकॉर्ड भाड्याच्या पेटीकडे वळव, कसा ते पान पाचवर, चित्रांसह. जुनी पत्रं काळ्या डिस्कवर आहेत, ती आधी दुसरीकडे उतरव. मग माळ्यावरचा डबा बंद कर, आणि आतली डिस्क पुसल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नकोस.

दिवाळीत तिला वही वाचायला दिली. तिने सगळी पानं नीट वाचली, पान पाचवरची चित्रंसुद्धा. मग वही मिटून म्हणाली, “आई, हे सगळं आत्ताच करून टाकूया का?”